मांडूळ

शिडी देतो रे, शिडी काय पळून चाललीय — मागं भिंतीला टेकलेली हाय, बांबूची, चौदा पायऱ्यांची, मधली एक तुटकी पण ती मोजायची नाय — पण तू आधी बस. उन्हातनं आलास, ओढा ओलांडून आलास, माणूस दुकानात आला नि तसाच परत गेला असं आमच्या डोळखांबला होत नाय. तो स्टूल घे. नको, तो नको, त्याचा पाय हलतो, त्यावर मी सोयऱ्यांना बसवतो. हां, हा घे. रितेश ना तू? मुरबाडकडचा. महिना झाला आमच्या भागात लाइनमन म्हणून येऊन आणि रघू इलेक्ट्रिकच्या दारात पहिल्यांदा येतोयस, तेही शिडी मागायला. असू दे. घड्याळात काय बघतोस सारखं? तीन वाजलेत. लोडशेडिंग बारा ते साडेचार, साडेचारच्या आधी लाइट येत नाय, त्या बाबतीत तुमचं सबस्टेशन देवळातल्या काकडआरतीहून वक्तशीर. दीड तास हाय. एक फुटका कप बदलायचाय तुला, चिनी मातीचा, तार धरणारा — त्याला दीड तास लागतो? तुझ्या आधीचा भगीरथ बिडी विझायच्या आत बदलायचा. आणि पोल कुठला तेही मला माहीत हाय, उंबराच्या पाड्याचा शेवटचा, कुंडलिकच्या कोंबड्यांच्या शेडमागचा. म्हणून तर बोलतोय बस. त्या पोलवर आज चढू नको. उद्या चढ, परवा चढ. आज नको.

का म्हंजे? पोल बघितलास ना तू? बुडाशी नारळ बघितलेस? लाल फडकं गुंडाळलंय, हळद-कुंकू, लिंबं — अख्ख्या शहापूर तालुक्यात पोलची पूजा होते ती तिथंच. लोक काय वेडे हायेत? तो पोल उभा केला त्या जागी उंबर होता, पाड्याला नाव पडलं तो उंबर, तीन माणसांच्या कवेत मावत नव्हता. ठेकेदारानं तोडला. तोडला त्या दिवशी कुऱ्हाडीचा दांडा तीन वेळा मोडला, खड्डा खणला तर पाणी लागायच्या आधी कोळसा लागला, आणि पोल उभा केला तर सकाळी वाकडा. सरळ केला. दुसऱ्या सकाळी परत वाकडा. असा सात दिवस. आठव्या दिवशी आपणच सरळ झाला — सगळे खूश — पण मी तेव्हाच बोललेलो, आता कोणीतरी आत जाऊन बसला. खवीस. एकदा एक कावळा बसला त्या तारांवर, खाली आला तो असा भाजून की मीठ लावायचं तेवढं बाकी. हसतोस? हस. गेल्या वैशाखात भगीरथ चढला त्याच पोलवर, भर दुपारी, लोडशेडिंगच्या टायमात. इथनं शहापूरपर्यंत एका घरात पंखा फिरत नव्हता. आणि त्याला शॉक लागला. तिथंच वर, पट्ट्यात अडकून राहिला. लाइट नसताना माणूस शॉक लागून मरतो — तूच सांग, आयटीआय झालेला पोरगा तू — खवीस नाय तर काय?

नाय पटत. बरं. मग बाईजाचं सांगतो. बाईजा म्हंजे पाड्यावरची म्हातारी, पोलपासून तिसरं घर, डोळ्यानं कमी दिसतं पण बल्ब पेटला विझला तेवढं कळतं. ती मला एकदा बाजारात बोलली, रघू, माझ्या घरात लाइट नसताना लाइट येते रे. मी बोललो, म्हातारे, उलटं होत असंल, लाइट असताना जात असंल. नाय बोलली. सगळीकडं अंधार, तुझ्या दुकानाचा पंखा बंद, गिरणी बंद, आणि माझा बल्ब लालेलाल, कोंबडीच्या डोळ्यासारखा. आणि मधनंच मोठा होतो, मधनंच बारीक होतो, कोणीतरी श्वास घेतल्यासारखा. मी काय केलं? मी तिला बोललो नारळ फोड. पोलच्या बुडाशी, शनिवारी. तिनं फोडला. तिचं बघून दुसरीनं फोडला. पुढं तर शनिवारी तिथं रांग लागायला लागली, भगीरथ स्वतः त्या नारळाचं खोबरं खाऊन वर चढायचा, बोलायचा, रघूशेठ, तुमच्या खविसानं माझ्या न्याहारीची सोय केली. चांगला माणूस. हसायचा फार. वर चढला की गायचा पण, बेसूर, खाली बायका पाणी भरताना हसायच्या.

काय बोललास? परत बोल. मग लाइट आली कुठनं — हां. हेच भगीरथनं कधी विचारलं नाय. तू विचारलंस. मुरबाडची माणसं सरळ विचारतात, आमी इकडं डोंगरातली, आमाला वळण घेऊनच जावं लागतं. पाणी पी अजून. थंड नाय, फ्रीज बंद हाय, पण माठातलं हाय.

बरं, खवीस मी सोडला. म्हंजे सोडून दिला नाय — मीच सोडला त्या पोलवर. पहिला नारळ बाईजाला मी फोडायला लावला, उंबराची गोष्ट मी रचली, उंबर होता खरा पण दोन हातांच्या कवेतला होता नि वाळवीनं खाल्लेला होता. कावळा पण मीच भाजला. हे तू कोणाला सांगितलंस तरी चालंल, डोळखांबला रघूच्या गोष्टी किती खऱ्या ते लहान पोराला पण ठाऊक हाय. तर लाइट कुठनं येते. कुंडलिककडनं येते. कुंडलिकच्या शेडमध्ये दोन हजार कोंबड्या असतात, ब्रॉयलर, कंपनी पिल्लं टाकून जाते नि चाळीस दिवसांनी उचलून नेते. ती जात कशी असते माहीत हाय ना? अंगानं मोठी, जिवानं कापूस. एप्रिलच्या दुपारी अर्धा तास पंखा बंद पडला की माना टाकतात, एकीचं बघून दुसरी. म्हणून मोठा पूर आला त्याच्या पुढच्या वर्षी, लोडशेडिंग वाढलं तेव्हा, त्यानं जनरेटर आणला. आणला म्हंजे मीच आणून दिला, कल्याणहून, पेट्रोलवर चालणारा. आणि जोडला पण मीच. ते वर फ्रेम करून लावलंय ना भिंतीवर, ते माझं वायरमनचं लायसन. माझ्या सहीशिवाय या भागात एक घर उजळत नाय. टेस्ट रिपोर्ट लिहायचा, खाली सही ठोकायची, काम कायद्यानं झालं.

कायदा काय बोलतो तुला शिकवलाच असंल. जनरेटर असो, इन्व्हर्टर असो, आता ती सूर्यावर चालणारी काचेची पाटी आलीय शाळेच्या छपरावर ती असो — घरात दुसरी लाइट आणली की मध्ये चेंजओव्हर पाहिजे. लोखंडी डबा, एक दांडा. दांडा वर केला तर पोलवरची लाइट, खाली केला तर घरची. दोन्ही एकदम कधी नाय. का, तर घरची लाइट उलटी पोलवर जाता कामा नये. हे कळायला आयटीआय लागत नाय. पण तो डबा कोणाला नको असतो रे. दिसतो काय त्याच्यात? पंखा दिसतो, बल्ब दिसतो, डबा भिंतीवर बसून काय करतो, तर काय नाय करत. त्याचं कामच ते, काय होऊ न देणं. ज्यानं काय होत नाय त्याला गिऱ्हाईक नसतं. मग मी एक युक्ती काढली. एक डबा घेतला, चांगला, आयएसआय छापाचा. इन्स्पेक्टर साहेब तपासायला यायचे, कधी कळवून, कधी आल्यावर कळायचं. ज्या घरी येणार त्या घरी सकाळी डबा नेऊन भिंतीवर चार स्क्रूनं बसवायचा. साहेब बघणार, दांडा वर-खाली करणार, वहीत लिहिणार, जाणार. डबा काढायचा, पिशवीत घालायचा, पुढच्या घरी. एकच डबा, नऊ घरं. त्या डब्यानं जेवढा तालुका बघितला तेवढा आमच्या आमदारानं बघितला नसंल. एकदा साहेब बोलले, हा दांडा मी कुठंतरी बघितलाय. मी बोललो, साहेब, एकाच कारखान्यातनं येतात, भावंडं दिसणारच. साहेब हसले. सज्जन माणूस, त्यांचा काय दोष नाय, त्यांनी जे बघितलं ते लिहिलं.

आणि साहेब गेले की डब्याच्या जागी काय? हे बघ. थांब, दाखवतो, खाली पेटीत हायेत. ही. दोन्ही टोकांना पिन हाय, बघितलीस? साध्या वायरला एका टोकाला पिन, दुसरीकडं वस्तू. हिला दोन्हीकडं पिन. एक टोक जनरेटरच्या भोकात घालायचं, दुसरं घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये, झालं, अख्ख्या घराला लाइट. आमी हिला मांडूळ बोलतो. मांडूळ सापासारखी, दोन्हीकडं तोंड. नाव मीच ठेवलं. हात नको लावू — आता मेलेलीच हाय, पण सवय नको. हिचा एकच नियम: घरचं मेन स्विच आधी बंद करायचं, मग हिला लावायचं. मेन बंद केलं की घर पोलपासून तुटलं. विसरला तर घरची लाइट सॉकेटमधनं मीटरमध्ये, मीटरमधनं सर्व्हिस वायरवर, तिथनं पोलवर, पोलवरनं सगळ्यांच्या घरात. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगतो. तीन-तीनदा सांगतो. आधी मेन, मग मांडूळ. पाठ करून घेतो.

कुंडलिक पहिल्या दिवशीच विसरला. बाईजाचा बल्ब लाल झाला तो त्याच दिवशी. सगळ्या गावाचा भार त्या चिमुकल्या जनरेटरवर पडला, तो रडायला लागला, धूर ओकायला लागला, कुंडलिक धावत माझ्याकडं. मी गेलो, मेन बंद केलं, जनरेटर शांत. इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण त्या पाच मिनिटांत पाड्यानं बघितलं ना, की लोडशेडिंगला पण बल्ब पेटू शकतो. आणि पाड्याचं नि कुंडलिकचं आधीच वाकडं. कोंबड्यांच्या शेडचा वास तुला माहीत नाय, वारं पडलं की भात गिळवत नाय माणसाला. पाड्यावरची माणसं अर्ज घेऊन पंचायतीत जाणार होती, शेड हटवा बोलून. अंगठे पण झाले होते. कुंडलिक माझ्या पुढ्यात बसला, आता तू बसलायस तिथंच, आणि बोलला, रघू, काय तरी कर, शेड गेली तर मी गेलो. मग मी केलं. माझं डोकं नको तिथं चालतं. मी बोललो, मेन बंदच करू नको. चालू ठेव. जाऊ दे लाइट पोलवर, पाड्याची सहा घरं पेटू दे, एक-एक बल्ब, एक-एक पंखा, तेवढं जनरेटर ओढतो. वासाच्या बदल्यात वीज. राहिला गावाचा भार — तर पाड्याकडची लाइन जिथनं फुटते तिथल्या डीपीतले, चिंचेखालच्या लोखंडी पेटीतले फ्यूज काढून ठेवायचे. डीपीचा दरवाजा कोणाच्या काळात लागलेला? काठीनं काढ, बाजूला ठेव, साडेचारला परत लाव. पाडा गावापासून तुटला, जनरेटर खूश, बाईजा खूश, अर्ज चुलीत गेला. माणसं कुंडलिकला देव मानायला लागली. तो खवीस मी तेव्हा रचला, कोणी बाहेरच्यानं पाड्यावर भर लोडशेडिंगला बल्ब बघितला तर सांगायला काय तरी पाहिजे ना. सहा घरं नि एक खवीस, सगळे गप्प.

आता तू पेला खाली ठेवलास. कळलं ना तुला? मघाशी हसत होतास.

मी काय बोलतो ऐक — हे कोणी मुद्दाम नाय केलं. भगीरथला पाड्यावर कोण वाईट चिंतणार होतं? पण तुमच्या लाइनमन लोकांची रीत काय हाय? पावसाआधीची कामं लोडशेडिंगच्या टायमात उरकायची. लाइन बंद केल्याचं परमिट घ्यायचं तर शहापूरला फोन लागायला पाहिजे, फोन लागला तर साहेब जागेवर पाहिजे. मग लोडशेडिंग हेच परमिट. वर साखळी टाकायची असते तारांवर, जमिनीला जोडलेली, ती ऑफिसच्या कपाटात. तू आणलीस? नाय ना. कोणी आणत नाय. आणि डीपीवरनं जाताना फ्यूज काढलेले दिसले की तर बघायलाच नको — लोडशेडिंग पण, फ्यूज पण, तार दोनदा मेलेली. माणूस निर्धास्त. जे बघून माणसानं घाबरायचं तेच बघून तो निर्धास्त झाला. भगीरथ तसाच निर्धास्त होता. इथं बसून चहा प्याला. बशीत ओतून प्यायचा. बोलला, "कोणीतरी फ्यूज पण काढून ठेवलेत, रघूशेठ. माझं काम वाचलं."

बोलला इथं. हां. इथंच.

मी असं नाय बोललो की मला माहीत होतं. म्हंजे — माहीत होतं, पण त्या दिवशी ढग होते. खरं सांगतो, आभाळ भरलेलं, गार वारं, मला वाटलं कुंडलिक आज पंखे लावणार नाय. नि बाकड्यावर दोन माणसं बसलेली, शहापूरच्या ऑफिसातली, माझ्या लायसनचं नूतनीकरण त्याच आठवड्यात होतं, त्यांच्यासमोर मी काय बोलू? अरे भगीरथ, चढू नको, पलीकडं माझी मांडूळ लागलीय? तेवढं बोलायला मला हवा होता फक्त एक घोट चहाचा वेळ. तो प्याला, कप ठेवला, बाहेर गेला. मला वाटलं वाटेत हाक मारीन. मग एक गिऱ्हाईक आलं, बल्बचं. मग दुसरं. आणि मग पाड्यावरचा पोरगा लडकू धावत आला, अंगावर शर्ट नाय, नुसता हात पोलकडं करतोय.

मी सगळ्यांच्या आधी पोचलो. लोक बोलतात, रघू बघा, दुकान उघडं टाकून धावला. धावलो खरा. पिशवी घेऊन धावलो. सगळं गाव पोलखाली वर बघत होतं, मी शेडमध्ये शिरलो. मांडूळ उपटली, ओल्या पोत्यात गुंडाळून कोंबड्यांच्या खाद्यात खुपसली. पिशवीतनं डबा काढला, भिंतीवर चार भोकं होतीच साहेबांच्या वेळची, चार स्क्रू, सरळ बसला. दांडा खाली केला. कुंडलिक दारात उभा राहून बघत होता, त्याला मी बोललो, तू काय बघितलं नायस. मग पंचनामा झाला. चेंजओव्हर बसवलेला हाय, चालू स्थितीत हाय, टेस्ट रिपोर्टवर सही हाय. परमिट घेतलेलं नाय, साखळी टाकलेली नाय. चूक कोणाची, तर भगीरथची. कागद खोटं बोलत नाय, कागदाला जे दाखवलं ते त्यानं लिहिलं. त्याची बायको, कमळ, तिला त्याच्या जागेवर घ्यायचं चाललेलं ऑफिसात, शिपाई म्हणून का होईना, ते मग राहिलं. स्वतःच्या चुकीनं मेला बोलल्यावर राहणारच. ती आता पावसाळा सरला की पोरं घेऊन वीटभट्टीवर जाते, भिवंडीकडं. जाताना इथनंच जाते, एसटी इथंच थांबते. मला राम राम करते. तिला वाटतं मी धावलो होतो. शनिवारचा नारळ तीपण फोडते त्या पोलला. मी रचलेल्या खविसाला.

बघ, काय-काय बोलायला लावलंस तू मला. हे मी माझ्या बायकोला, ताराबाईला पण सांगितलेलं नाय. तिला ठाऊक नाय नि तू महिन्याभराचा पाहुणा — पण त्या दिवशी मी गप्प बसलो ना, म्हणून आज तुला बसवून ठेवलंय. शिडी हाय रे, पण देत नाय. सरळ बोलायला जमत नाय मला, माझी जीभच वाकडी, वळसा घेते, आधी खवीस मग बाईजा मग डबा. पण आलो की नाय शेवटी? सकाळी कुंडलिक पेट्रोलचा कॅन घेऊन माझ्या दारावरनं गेला. शेडमधल्या कोंबड्या पस्तीस दिवसांच्या झाल्यात, आभाळात ढगाचा ठिपका नाय. सुधारला नाय तो? कसा सुधारंल, पाडा सुधारू देईल तर ना. डबा आठ दिवसांनी मीच काढून आणला, मोखावण्याला एका घरी साहेब येणार होते. आणि नवी मांडूळ — हां, दिली. मागितली, दिली. त्याच्याकडं एक, आणि बाकी आठ घरांत आठ. मी नाय दिली तर शहापूरला मिळते, शहापूरवाला तर नियम पण सांगत नाय.

ते जाऊ दे. तू एक सांग मला. येताना डीपीवरनं आलास ना, चिंचेखालच्या? फ्यूज जागेवर होते? तिन्ही?

काढलेले. तू काढलेस?

नाय ना. बस. मग झालं. मला एवढंच कळायचं होतं. म्हंजे आता या मिनिटाला तुझ्या पोलवर कुंडलिकची लाइट फिरतेय, तार जिवंत हाय नि दिसायला मेलेली. आता कळलं मी का धरून ठेवलं तुला? पाया पड माझ्या, चेष्टा करतो रे. आता निवांत बस साडेचारपर्यंत, उद्या सकाळी परमिट घे, साखळी आण, मी स्वतः येऊन कुंडलिकचा जनरेटर बंद करून तिथं उभा राहतो, तू वर, मी खाली. आणि साहेबाला काय सांगायचं ते आपण दोघं मिळून — उठलास का? अरे बस. उन्हात कुठं — तुला बोललो ना शिडी देत नाय, मग घाई कसली? पावणेचार झालेत, तू इथं, पोल तिथं, कोणाला काय होणार?

कोण? चांगो? हा चांगो कोण?

ठेकेदाराचा माणूस. बरं. वाडीतलाच ना, बुधूचा भाऊ, उंच, माडावर चढतो तो. त्याचं काय? तुझ्याबरोबर आलेला? कुठं हाय तो? पोलपाशी? तो तिथं कशाला? तुला शिडी आणायला पाठवून तो तिथं —

तू मला बोलला नायस. अरे मी एकटा समजत होतो तुला. तू आल्या-आल्या घड्याळात बघत होतास, मला वाटलं लाइट येईल म्हणून बघतोस. बोलायचं नाय का? मी — हो, मी कधी बोलू दिलं, बरोबर हाय, पण तरी. काय बोललेला तो? नीट सांग. शिडी नाय मिळाली तर मी तसाच चढतो, असं बोलला? फ्यूज काढलेले हायेत म्हणून? किती वेळ थांबतो बोलला? अर्धा तास?

अर्धा तास.

थांब, फोन करतो, शेडमध्ये फोन हाय. दोन, सात… माझं बोट — हां. वाजतोय. वाजतोय बघ. जनरेटर चालू असला की त्याला ऐकू येत नाय, शेडच्या या टोकाला फोन नि त्या टोकाला — उचल रे. कुंडलिक, उचल. उचल ना भडव्या. तू का उभा? ओढ्यातनं जा, रस्त्यानं नको, करवंदीच्या जाळीतनं पायवाट हाय, दहा मिनिटं. ओरडत जा. शेडमध्ये शिर, सॉकेटमधनं ओढून काढ, पहिलं ते, मग वर बघ. वर आधी बघू नको. वाजतोय अजून. वाजून-वाजून बंद पडला. परत लावतो.

बघतोस काय माझ्याकडं? मी काय केलं? मी तर नुसती गोष्ट सांगत होतो. जा.